देवमाशाचा भाऊबंद आणि दहावीचं पुस्तक

मंडळी, 'इंडोह्यूस' म्हणजे भारतातलं डुक्कर. नाव डुकराचं, चण मांजराएवढी. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी जम्मूकडे पाण्यात वावरायचं. ए. रंगा राव यांनी कालाकोटहून आणलेले दगड त्यांच्या पश्चात फोडले, तर कानाचं हाड थेट देवमाशासारखं निघालं! २००७ साली हे जगजाहीर झालं.

आणि २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीच गेली. ओझं कमी केलं म्हणे! अकरावीला विज्ञान न घेणाऱ्या पोराला हे कळायचं कधी?

आमच्या टेंभुर्णीच्या काळ्या खडकात हे जनावर सापडायचं नाही. तो लाव्हा त्याहून जुना. म्हणूनच ते पुस्तकात भेटायला हवं. तो धडा परत आणा. तुम्हाला काय वाटतं?