साठ दिवस आणि वाळवंटातली फुलं

वाळवंट म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? उंट, जैसलमेरचा किल्ला आणि शिफॉनची साडी सांभाळत वाळूत गाणारी हिंदी सिनेमातली हिरॉइन. फुलं? छे! फुलांसाठी आपल्याकडे सप्टेंबर महिना आहे, कासचं पठार आहे, त्याचं ऑनलाइन बुकिंग आहे आणि साताऱ्याच्या पुढे लागणारी गाड्यांची रांग आहे. वाळवंटात फुलं बघायला कोण जातं?

कॅलिफोर्नियातले लोक जातात. आणि कसे जातात! २०१७च्या मार्चमध्ये बोरेगो स्प्रिंग्ज नावाच्या साडेतीन हजार वस्तीच्या गावात एवढी पब्लिक लोटली, की हॉटेलांतलं खाणं संपलं. २०१९मध्ये लेक एल्सिनोर शहराजवळच्या टेकड्या केशरी पॉपींनी भरून गेल्या, तेव्हा तिथला हायवे पावसाळ्यातल्या रविवारच्या सिंहगड रोडसारखा तुंबला. २०२३च्या फेब्रुवारीत तर त्या शहराने फुलं ऐन भरात यायच्या आधीच तिथे जायची वाट बंद करून टाकली.

ही गोष्ट त्याच २०२३च्या मार्चमधली. मावसबहिणीच्या डोहाळजेवणासाठी मी सॅन दिएगोला गेले होते. कॉलेजपासूनची माझी एक मैत्रीण तिथून वीस मिनिटांवर राहायची. नाव सांगत नाही, कारण तिच्या पुण्यातल्या सोसायटीतल्या काकूही हे पान वाचतात.

एमएस करायला गेली, नोकरी लागली, एचवनबीच्या लॉटरीत नंबर लागला. सगळं कसं मस्त रांगेत चाललं होतं. फेब्रुवारीत एका सकाळी ऑफिसचा लॅपटॉप उघडेना. तासाभराने पर्सनल आयडीवर मेल आली. त्या हिवाळ्यात तिकडे आयटीत धडाधड माणसं कमी होत होती, त्यात तिचाही नंबर लागला. आता एचवनबीवाल्याची नोकरी गेली की नवीन कंपनी शोधायला, स्टेटस बदलायला नाहीतर बॅगा भरायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. मी तिच्या घरी गेले तेव्हा फ्रिजवरच्या कॅलेंडरवर तीस लाल फुल्या होत्या. शेजारी एक्सेल शीटची प्रिंट, त्यात ११४ अर्ज.

आणि आई-बाबांना अजून काहीही सांगितलेलं नव्हतं.

‘‘उद्या बुधवार,’’ ती म्हणाली, ‘‘आयुष्यात पहिल्यांदा बुधवार मोकळा आहे. चल, फुलं बघून येऊ.’’

पहाटे निघालो. तिखटमिठाच्या पुऱ्या, थर्मासमध्ये चहा आणि एकच नियम : दुपारपर्यंत ‘व्हिसा’ हा शब्द काढायचा नाही. सॅन दिएगोहून बोरेगो स्प्रिंग्ज साधारण दोन तासांवर आहे. आधी डोंगर चढायचा. त्या वर्षी वरती चांगला बर्फ पडला होता, सावलीत त्याचे पांढरे ढिगारे अजून टिकून होते. मग मॉन्टेझुमा व्हॅलीचा घाट लागतो आणि गाडी दहा-बारा मैलांत तीन हजार फुटांहून जास्त खाली उतरते. आंबेनळीचा घाट डोळ्यांसमोर आणा आणि त्यातलं सगळं हिरवं पुसून टाका. घाटात नेटवर्क गेलं. मैत्रिणीने फोन डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकला आणि खटकन् झाकण लावलं.

खाली पसरलेलं वाळवंट म्हणजे अँझा-बोरेगो डेझर्ट स्टेट पार्क, कॅलिफोर्नियातलं सगळ्यात मोठं स्टेट पार्क. सहा लाख एकरांहून मोठं! अँझा हा १७७४ साली इथून गेलेला स्पॅनिश प्रवासी, आणि बोरेगो म्हणजे स्पॅनिशमध्ये मेंढी. इथल्या डोंगरांत मोठ्या वाकड्या शिंगांच्या रानमेंढ्या आहेत, त्यांच्यावरून हे नाव. वर्षाचा पाऊस सरासरी सहा इंचांच्या आसपास. म्हणजे मुंबईत जुलैतल्या एखाद्या वाईट दिवशी पडतो तेवढा!

गावाबाहेर हेंडरसन कॅन्यन रोडवर गाडी कडेला लावली आणि आम्ही दोघी काही वेळ बोललोच नाही.

वाळू जांभळी-गुलाबी झाली होती. ती सँड व्हर्बीना, जमिनीला चिकटून पसरणारी. हिचं कूळ आपल्या गुलबक्षीचं, बोगनवेलही त्यातलीच. म्हणजे नात्याने आपली चुलत-मावस कोणीतरी. मध्ये मध्ये इव्हनिंग प्रिमरोजची बशीएवढी पांढरी फुलं. ती संध्याकाळी उघडतात, रात्री मोठे पतंग त्यांच्यावर येतात आणि ऊन चढलं की ती मिटतात. आम्ही पोचलो तेव्हा मिटायच्या बेतात होती. त्यांच्यामागे डेझर्ट सनफ्लॉवरचा पिवळाधमक पट्टा. आणि ओकोटिलो! एरवी म्हणजे नुसत्या काटेरी काठ्यांची मोळी उभी करून ठेवावी तसा. पाऊस पडला की काही दिवसांत अंगभर पानं फुटतात, सुकलं की गळतात. टोकांना लाल फुलांचे तुरे, त्यांच्याभोवती हमिंगबर्ड.

काही फुलं एवढी बारकी, की ती बघायला चक्क पोटावर झोपावं लागतं. तिकडे त्यांना ‘बेली फ्लॉवर्स’च म्हणतात. मैत्रीण पायवाटेवर आडवी झाली. महिनाभर लॅपटॉपसमोर पाठ मोडून बसलेली ही बाई नखाएवढ्या फुलाकडे पाच मिनिटं बघत होती. मग म्हणाली, ‘‘अगं, पण ही आली कुठून? दोन वर्षांपूर्वी मी ऑफिसच्या ग्रुपबरोबर आले होते. इथे काहीच नव्हतं.’’

काहीच नव्हतं असं दिसतं, पण वाळूत बी असतं. इथली बरीचशी फुलझाडं काही महिन्यांची पाहुणी. उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि मरायचं. ते बी मग वाळूत वर्षानुवर्षं पडून राहतं. २०२० ते २०२२ ही कॅलिफोर्नियातली नोंदींमधली सगळ्यात कोरडी तीन वर्षं. तेव्हाही ते होतंच. मग २०२२-२३चा हिवाळा आला आणि तिथे धो धो कोसळला.

आता यातली गंमत ऐका. एखादी सर आली म्हणून हे बी हुरळून जात नाही. फ्रिट्स वेंट नावाच्या शास्त्रज्ञाने वाळवंटातल्या बियांवर प्रयोग केले आणि १९५५ साली त्यावर लेख लिहिला. त्याला दिसलं, की माती खालून भिजवली तर बरंचसं बी ढिम्म. तेवढंच पाणी वरून पावसासारखं सावकाश पडलं, तर मात्र रुजतं. कारण सालीवर उगवणं रोखणारी द्रव्यं असतात, ती चांगली धुऊन निघावी लागतात. पावसाने आधी पुरावा द्यायचा, मग बी उठणार!

आणि खरा फंडा पुढेच आहे. एवढा पाऊस झाला तरी सगळं बी रुजत नाही. काही वाळूत मागे राहतं. डॅन कोहेन यांनी १९६६मध्ये गणित मांडून दाखवलं, की जिथे पावसाचा भरवसा नाही तिथे झाडाने सगळं बी एकाच वर्षी लावणं म्हणजे घराण्याचा शेवट. पाऊस मध्येच दगा देऊन गेला, तर पुढे काय? अॅरिझोनात टूसॉनच्या वाळवंटात लॅरी वेनेबल यांनी १९८२पासून अशा झाडांची मोजदाद ठेवली. २००७मध्ये त्यांनी दाखवलं, की ज्या जातीचं नशीब वर्षागणिक जास्त हेलकावे खातं, ती जास्त बी राखून ठेवते.

हे सगळं मी पुऱ्या खाताखाता तिला सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, ‘‘आणि मी बघ. ११४ अर्ज. सगळे एकाच शहरात, एकाच प्रकारच्या कामासाठी. का, तर घराचं लीज इथे आहे, मित्रमंडळी इथे आहेत आणि पुण्यात कुणाला काही सांगायला लागू नये.’’

दुपार व्हायला अजून वेळ होता, पण नियम मोडला होता. मीही काही बोलले नाही.

थोडं पुढे एका पट्ट्यात नुसते देठ उभे होते, पाकळी म्हणून नाही. बोटभर लांबीच्या जाड अळ्या सगळं फस्त करत चालल्या होत्या. हे मोठे पतंग होणार, आणि असलेच पतंग प्रिमरोजच्या फुलांवर येतात. वर आकाशात ससाणे घिरट्या घालत होते. हे स्वेनसन्स हॉक, दक्षिण अमेरिकेतून उत्तरेकडे जाताना इथे अळ्या खायला थांबतात. कुणाचं नुकसान, कुणाचा नाश्ता! ‘‘कॉर्पोरेटच आहे की,’’ मैत्रीण म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदा मोठ्याने हसली.

परत येताना डोंगरावर ज्युलियन हे गाव लागतं. १८७०च्या सुमारास सोनं सापडलं म्हणून वसलेलं, आता अॅपल पायसाठी फेमस. आम्ही पाय पार्सल घेतला आणि गाडीतच बसलो. नेटवर्क परत आलं होतं. संध्याकाळचे सहा, म्हणजे पुण्यात सकाळचे साडेसहा. तिचे बाबा फिरायला बाहेर पडायची वेळ.

तिने फोन लावला. स्पीकरवर नव्हता, पण गाडीत सगळं ऐकू येत होतं. तिने एका दमात सांगून टाकलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग बाबा म्हणाले, ‘‘कधीपासून?’’ ती म्हणाली, ‘‘महिना झाला.’’ ते म्हणाले, ‘‘महिनाभर एकटीने काढलास?’’ मग आईने फोन ओढून घेतला आणि पहिला प्रश्न, ‘‘जेवतेस ना नीट?’’ मैत्रीण रडत रडत पाय खात होती. मी खिडकीबाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवसापासून तिने टोरांटो, सिंगापूर, बंगळुरू, पुणे, सगळीकडे अर्ज टाकायला सुरुवात केली. अठ्ठावन्नाव्या दिवशी ती पुण्याला परत आली. आज बाणेरला नोकरी करते, मॅनेजरवर चिडते, हिंजवडीत ऑफिस नाही म्हणून देवाचे आभार मानते. एचवनबीच्या सहा वर्षांतला उरलेला काळ पुन्हा लॉटरीत न उतरता वापरता येतो, म्हणून तिकडचं थोडं बी तिने राखून ठेवलं होतं. मग सप्टेंबर २०२५मध्ये देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली. मी फोन केला तर म्हणाली, ‘‘काही बी वाळूतच मरतं गं. वाळवंटालाही ते माहीत असणार.’’ आवाज फार आनंदी नव्हता, पण घाबरलेलाही नव्हता.

जाणार असाल तर : ऑनसाइटवर असाल किंवा तिकडे कोणी नातेवाईक असेल, तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतचा काळ धरा. मात्र आधी हिवाळ्यात पाऊस किती झाला ते विचारा, दर वर्षी फुलं येतीलच असं नाही. शक्यतो शनिवार-रविवार टाळा. पेट्रोल आणि पाणी भरपूर घ्या, नकाशा आधीच डाउनलोड करा. फुलं तोडायला पार्कात कायद्याने बंदी आहे. आणि फोटोसाठी फुलांत घुसू नका. पाय पडला तिथलं झाड बी टाकायच्या आधीच संपतं.

इथेच असाल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रत्नागिरीकडच्या कातळसड्यांवर जा. आठ महिने काळा दगड आणि मग काही आठवडे नुसती फुलं. सोबत अशी मैत्रीण न्या, जिच्याशी गप्पा मारायच्या राहून गेल्यात. आणि घरी काही सांगायचं बाकी असेल, तर काळजी नको. परतीच्या वाटेवर रेंज येते.