खांब सावरायचा, तर आधी माती सावरावी

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात जुलै २०२३ मध्ये अतिवृष्टीने हाहाकार उडविला. आनंदनगर येथे पुराने वेढलेल्या ग्रामस्थांच्या सुटकेसाठी भारतीय वायुसेनेची हेलिकॉप्टर्स मागवावी लागली. फुलसावंगी हे याच तालुक्यातील गाव. पूर ओसरला की वृत्तपत्रांचे लक्ष अन्यत्र वळते. परंतु ग्रामस्थांच्या हालअपेष्टांचा दुसरा अध्याय तेव्हाच सुरू होतो. नाल्याकाठचा एक विजेचा खांब कलला, तरी त्या वाहिनीवरील नळयोजना, पिठाची गिरणी, आरोग्यकेंद्रातील लसींचे शीतकपाट आणि शेतातील पंप एकाच वेळी थांबतात.

अशा प्रसंगी नवा खांब उभारला जातो. तो अपरिहार्यच आहे. मात्र ज्या मातीने पहिल्या खांबाची साथ सोडली, त्याच मातीत दुसरा रोवला, तर पुढील वर्षी निराळे काय घडणार?

या भागातील काळी भारी जमीन कपाशीला मानवते, खांबाला नव्हे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. त्यामुळे खांब व त्याचे ताण हळूहळू सैल होतात. त्यात टेकड्यांवरील झाडोरा विरळ झाला, की पावसाचे पाणी न मुरता वेगाने नाल्यात उतरते आणि काठ पोखरते. म्हणजे खांब पडतो नाल्यापाशी, पण त्याच्या पडण्याची सुरुवात माथ्यावर झालेली असते.

याच जाणिवेतून ‘निसर्गाधारित उपाय’ ही संकल्पना पुढे आली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने मार्च २०२२ मध्ये नैरोबी येथे तिची व्याख्या स्वीकारली. आपल्या ग्रामीण भागात ती कामे नवी नाहीत. माथ्यावर सलग समपातळी चर, नाल्यात दगडी बांध, काठावर बांबू आणि उतारावर वाळा लावणे ही ती कामे होत. वाळ्याची मुळे तीन मीटरपर्यंत सरळ खोल जातात व माती बांधून ठेवतात.

दुसरा लाभ सहसा ध्यानात येत नाही. भूजल खोल गेले की शेतकरी अधिक अश्वशक्तीचा पंप बसवितो. रब्बीच्या दिवसांत असे अनेक पंप एकाच रोहित्रावर सुरू झाले, की ते जळते आणि ऐन ओलिताच्या वेळी पीक वाळते. पाणी वर राहिले, तर तेच रोहित्र पुरते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९९० च्या दशकापासून डोंगरउतारावर पाणी अडविले, सिंचनासाठी विंधनविहिरींना मनाई केली आणि पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविली. ते काम पाण्यासाठी झाले. परंतु उथळ विहिरीतून उपसा करण्यास वीज कमी लागते, हे त्याचे सहजफळ होय.

झाडांविषयी मात्र भाबडेपणा नको. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले, तेव्हा असंख्य झाडे तारांवर कोसळली आणि अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. म्हणून तारेखाली उंच वृक्ष लावणे हे निसर्गप्रेम नव्हे. त्याचबरोबर दरवर्षी सरसकट छाटणी करून जमीन उघडी पाडणे, हेही शहाणपण नव्हे. बेल्जियम व फ्रान्समध्ये २०११ ते २०१७ या काळात उच्चदाब वाहिन्यांखाली ठेंगणी झाडे, फुलांची कुरणे आणि चराई यांचा प्रयोग झाला. वारंवार तोडणी करण्यापेक्षा दीर्घकाळात तो स्वस्त ठरतो, असे तेथे आढळले. आपल्याकडे तारेखाली गवत, झुडुपे वा कढीपत्ता आणि तारेपासून दूर कडुनिंब, असा साधा नियम करता येईल.

या उपायांना मर्यादा आहेत. मुळे धरण्यास काही पावसाळे जातात. वीज कोसळण्याचे संकट वाळ्याने टळत नाही. जीर्ण तारा तर बदलाव्याच लागतात. खरी अडचण मात्र खात्यांच्या भिंतींची आहे. खांब वीज कंपनीचा, नाला जलसंधारणाचा, टेकडी वनखात्याची आणि बांध शेतकऱ्याचा! प्रत्येकजण आपापल्या हद्दीपुरते पाहतो. पाणी मात्र हद्द पाहत नाही.

ग्रामपंचायत ही या सर्वांना एकत्र बसविणारी जागा ठरू शकते. पावसाळ्यापूर्वी लाईनमनला सोबत घेऊन नाल्याकाठच्या खांबांची यादी करावी, माती खचलेल्या जागा निश्चित कराव्यात आणि जलसंधारणाच्या आराखड्यात त्यांना अग्रक्रम द्यावा. रोजगार हमीची कल्पना १९७२ च्या दुष्काळात याच महाराष्ट्राने राबविली आणि त्या कामांतून शेकडो गावांत बांधबंदिस्ती झाली. मातीकामातून माणूस जगविण्याचा तो अनुभव आपल्यापाशी आहे.

वीज गेली की संपन्न घरात इन्व्हर्टर सुरू होतो. अंधार उरतो तो तांड्यावर, वस्तीवर, मजुराच्या झोपडीत. म्हणून नाल्याकाठी लावलेले बांबूचे बेट हा केवळ वृक्षारोपणाचा सोहळा नाही. शेवटच्या घरातील दिवा तेवत ठेवण्याची ती तजवीज आहे.