मुकादम आणि कारभारी

माणसांची टोळी चालविणे ही गोष्ट गेवराई तालुक्याला नवी नाही. गोदाकाठच्या काळ्या रानात, पैठणच्या उजव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा असतो. आणि त्याच तालुक्यातील कोरडवाहू गावांतून दसरा सरताच ट्रक व ट्रॅक्टर भरभरून माणसे दुसऱ्यांचा ऊस तोडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. भांडीकुंडी, शेळी, कोंबड्या, लेकरे असा सारा संसार सोबत असतो. नवराबायकोचा मिळून एक कोयता, अशा आठ-दहा किंवा अधिक कोयत्यांची एक टोळी, आणि टोळीचा एक मुकादम. साखर कारखान्यांचा सारा हंगाम या मुकादमांच्या भरवशावर चालतो, हे कोणी नाकारणार नाही.

आता याच गावांतून शेतकरी उत्पादक कंपन्या निघत आहेत. डॉ. योगिंदर अलघ यांच्या समितीने मार्ग सुचविला, २००२ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली, आणि दहा शेतकऱ्यांनाही एकत्र येऊन स्वतःची कंपनी नोंदविता येऊ लागली. भाग कितीही असोत, प्रत्येक सभासदाला मत एकच. नोंदणी होते, फलक लागतो, पेढे वाटले जातात. पुढे ज्याला अध्यक्ष केले त्याच्यासमोर प्रश्न उभा राहतो की, ही माणसे आता चालवायची कशी? त्याने जन्मभर जो नमुना पाहिलेला असतो तो मुकादमाचा. साहजिकच तो तसे वागू लागतो, आणि तेथेच बहुतेक कंपन्यांचे दुखणे सुरू होते.

मुकादमापासून शिकण्यासारखे काहीच नाही, असे मात्र मुळीच नव्हे. कोणता कोयता किती टन तोडतो, कोणाचे कोणाशी पटत नाही, कोणाचे मूल आजारी आहे, हे त्याला वहीवाचून ठाऊक असते. त्याचा मुक्काम फडाजवळच, टोळीच्या कोप्यांत असतो. रात्री भांडण झाले तर ते त्याच रात्री मिटविल्याखेरीज दुसऱ्या दिवशी गाडी भरत नाही, हे तो जाणतो. पुष्कळशा अध्यक्षांना आपल्या सभासदांची एवढीही माहिती नसते. सभासदाच्या रानात कपाशीची वेचणी कधी झाली हे ज्याला ठाऊक नाही, त्याने जिनिंगवाल्याला अमुक दिवशी इतका माल देतो म्हणून शब्द द्यावा, हे धाडसच होय.

परंतु मुकादमाची सत्ता या जाणकारीवर उभी नसते. ती उचलीवर उभी असते. हंगामाआधी दिलेली उचल फिटेपर्यंत कोयता बांधलेला. एक दिवस कामावर आले नाही तर खाडा, आणि त्याचा दंड. या पद्धतीची किंमत माणसाला कोठवर मोजावी लागते हे २०१९ मध्ये उघड झाले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी त्या वर्षी शासनाला समिती नेमावी लागली. असे नेतृत्व टोळीला हंगामभर एकत्र ठेवते खरे. पण उचल फिटली, की त्या माणसांनी तेथे राहावे असे त्यात काहीच नसते.

कंपनीच्या अध्यक्षाच्या हाती उचल नाही. दारात उभ्या असलेल्या व्यापाऱ्याने क्विंटलमागे पन्नास रुपये जास्त देऊ केले, तर सभासद माल त्याला घालून मोकळा होतो, आणि त्याला कोणी अडवू शकत नाही. अशा वेळी अध्यक्ष संतापतो, सभेत नावे घेऊन बोलतो. तो सभासद दुसऱ्या वर्षी येत नाही, आणि जाताना आपल्या भावकीलाही घेऊन जातो. खरे पाहता त्या शेतकऱ्याला पैसा त्याच दिवशी हवा होता. किराणा दुकानाची उधारी आणि खताची बाकी कंपनीच्या हिशेबासाठी थांबत नाही. मालाच्या किमतीचा मोठा भाग मोजमापाच्या दिवशीच हातात द्यावा, काही भाग राखून ठेवावा, आणि वर्षअखेर ज्याने जितका माल कंपनीला घातला त्या प्रमाणात त्याला लाभांश द्यावा, अशी सोय कायद्यातच आहे. ती उपयोगात आणणे हे दहा भाषणांपेक्षा गुणकारी ठरते. यासाठी खेळते भांडवल लागते, आणि ते हंगामापूर्वी उभे करणे हे अध्यक्षाचे पहिले काम होय. फलक नंतर रंगविला तरी चालेल.

नेतृत्वाची खरी कसोटी मात्र काट्यापाशी लागते. समजा, कंपनीने पन्नास क्विंटल कापूस एकत्र केला आहे. कापूस महामंडळ (सीसीआय) हमीभावाने खरेदी करताना आर्द्रता आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव देते, आठच्या वर बारापर्यंत टक्क्यामागे टक्का कापते, आणि बाराच्या वर गेल्यास माल परत करते. बारा टक्के ओलाव्याचा शंभर किलो कापूस वाळवून आठ टक्क्यांवर आणला, तर तो साडेपंच्याण्णव किलोंच्या थोडा वरच भरतो. म्हणजे सकाळच्या दहिवरात वेचलेला ओला कापूस ज्याने वाळविल्याशिवाय आणला, त्याने शंभरामागे चार किलोंहून अधिक पाणी विकले, आणि त्याचा भुर्दंड माल वाळवून आणणाऱ्या इतरांनी सोसला. आता असा माल अध्यक्षाच्या मेहुण्याचा असला तर? आर्द्रतामापक यंत्र तर नाते ओळखत नाही. त्या दिवशी अध्यक्षाने ‘असू द्या, घरचाच आहे’ म्हटले, की पुढच्या खेपेला निम्मे सभासद ओला कापूस आणतात. कवडी कापूस तळाशी घालून वर पांढरा लावण्याची विद्या कोणाला शिकवावी लागत नाही. आणि त्याने मेहुण्याची गाडी सर्वांदेखत परत फिरविली, तर घरी चार दिवस अबोला सोसावा लागेल. पण त्यानंतर प्रत खालावल्याची तक्रार क्वचितच येईल.

मापनाचे काम अध्यक्षाने स्वतःकडे ठेवूच नये, हे त्याहून उत्तम. उत्पादक कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी पूर्णवेळ असावा आणि तो सभासदांपैकी नसावा, असे कायदा सांगतो. ज्याने कोणी हे लिहिले त्याला गावातील मेहुणेपणाची चांगलीच कल्पना असावी. तरीही गावोगाव या माणसाचा पगार जड वाटतो. अध्यक्षच बँकेत जातो, वाहन ठरवितो, हिशेब खिशातल्या डायरीत लिहितो. तो ऐन वेचणीत आजारी पडला, की कंपनीही अंथरूण धरते.

प्रवरेचे उदाहरण येथे आठवण्याजोगे आहे. लोणीच्या सहकारी साखर कारखान्यासाठी विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव हिंडले, शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले. १९५० च्या अखेरीस कारखाना सुरू झाला तेव्हा अध्यक्षस्थानी पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते, आणि विखे पाटील उपाध्यक्ष होते. ज्याच्या शब्दावर लोकांनी पैसा दिला त्याने खुर्ची दुसऱ्याला द्यावी, हे आपल्याकडे सहसा घडत नाही. हिशेब आणि व्यवहार जाणणारा माणूस वर असला म्हणून आपला मान कमी होत नाही, एवढी समज त्या अल्पशिक्षित शेतकऱ्यापाशी होती.

आणखी एक गोष्ट सहज राहून जाते. सातबारा पुरुषाच्या नावे असतो, म्हणून सभासदही पुरुषच होतो. पण कापूस वेचते ती बाई. कोणत्या रानात गुलाबी बोंडअळी आली हे तिला आधी दिसते, वेचलेला माल प्लॅस्टिकच्या पोत्यात भरायचा की कापडी झोळीत हेही तीच ठरविते. आणि पोत्याचा एक धागा रुईत गेला तर गाठीची प्रत घसरते. २०१७ च्या बोंडअळीनंतर फरदड ठेवू नये असे ठराव पुष्कळ झाले. ते घरात पोहोचले किती, हा निराळा प्रश्न. स्त्रियांना भाग देऊन सभासद केल्याशिवाय प्रतीचा विषय सभेत बोलणे म्हणजे ज्याच्या हाती काम आहे त्याला वगळून कामाची चर्चा करणे होय.

सभेचे म्हणाल, तर कायद्याप्रमाणे गणपूर्तीला एकूण सभासदांपैकी चौथा हिस्सा हजर लागतो. ज्या गावातून टोळ्या जातात तेथे दसऱ्यानंतर तेवढी माणसे जमत नाहीत, आणि मग उरलेल्या चार जणांचा कारभार सुरू होतो. वार्षिक सभेची सूचना किमान चौदा दिवस आधी द्यावी लागते. तेव्हा ती पितृपंधरवडा लागताच घरोघर पोचवावी, सभा घटस्थापनेच्या सुमारास घ्यावी, आणि तोट्याचा असला तरी संपूर्ण हिशेब तेथे मोठ्याने वाचून दाखवावा. गाड्या भरण्यापूर्वी प्रत्येक कोयत्याला तो ऐकता आला पाहिजे.