स्वप्नाचा तगादा

मराठी समीक्षेत मनोविश्लेषणाचा वापर आता चांगलाच रुळला आहे. इतका की, एखाद्या साहित्यकृतीत तेच स्वप्न दुसऱ्यांदा आले की त्यामागे लेखकाचे 'खरे स्वत्व' दडले आहे, हे गृहीतक तपासून पाहण्याची गरजही कोणाला वाटत नाही. पाणी म्हणजे मातृगर्भ, जिना म्हणजे संभोग, जळते घर म्हणजे दमित वासना, असा एक प्रतीककोश प्रबंधाप्रबंधांतून फिरत असतो. कोश उघडावा, नोंद काढावी, लेखकाच्या नावासमोर गंड लिहावा आणि प्रकरण संपवावे, अशी ही रीत. स्वप्न *काय* दाखवते याची चर्चा त्यात भरपूर असते. ते *पुन्हा* का पडते आणि पडायचे कधी थांबते, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. वास्तविक वारंवार पडणाऱ्या स्वप्नाचे वेगळेपण त्याच्या आशयात नसते, आवर्तनात असते. आवर्तनच बाजूला ठेवले तर मग ते कोणतेही स्वप्न आहे.

ही रीत ज्याच्या नावावर चालते त्या फ्रॉइडकडेच या बाबतीत जायला हवे. आणि तेही त्याच्या सिद्धान्तग्रंथाकडे नव्हे, तर 1905 साली प्रसिद्ध झालेल्या 'डोरा'च्या रुग्णवृत्तान्ताकडे. या मुलीचे, म्हणजे इडा बाउअरचे, पहिले स्वप्न फ्रॉइडने स्वतःच पुनरावर्ती म्हणून नोंदवले आहे. घराला आग लागली आहे. वडील पलंगाशी उभे राहून तिला जागे करतात. आईला आपली दागिन्यांची पेटी वाचवायची आहे. त्या पेटीपायी आपण आणि आपली दोन मुले जळून मरावीत हे वडिलांना मान्य नाही. सगळे घाईने खाली उतरतात आणि बाहेर पाऊल पडताच तिला जाग येते. हे स्वप्न तिला प्रथम एका तलावाकाठच्या गावी, सलग तीन रात्री पडले. तिथे के. नावाच्या विवाहित गृहस्थाने तिच्याकडे प्रणययाचना केली होती. दुपारी झोपेतून जाग आली तेव्हा तोच गृहस्थ जवळ उभा असलेला तिने पाहिला. खोलीला आतून कुलूप लावावे म्हणून तिने किल्ली मिळवली, तर तीही नाहीशी झाली. चौथ्या दिवशी ती वडिलांबरोबर तिथून निघून गेली. तिथले स्वप्न तिथेच थांबले.

एवढ्या माहितीवर कोणताही साधा वाचक जे म्हणेल ते फ्रॉइडनेही म्हटले आहे : या घरातून बाहेर पडेपर्यंत मला स्वस्थ झोप नाही, असा तो निश्चय आहे आणि तो अमलात येईपर्यंत रोज रात्री परत येतो. पण फ्रॉइडला तेवढे पुरेसे वाटत नाही. दिवसाचा विचार हा नुसता उद्योजक, त्याला भांडवल पुरवणारी बालपणीची इच्छा हवीच, हे त्याचे प्रसिद्ध रूपक इथे पुन्हा हजर होते. मग पेटी स्त्रीदेहाची खूण ठरते, आग अंथरूण ओले करण्याच्या जुन्या सवयीकडे वळवली जाते आणि जिला पळून जायचे होते तिला खरे म्हणजे शरण जायचे होते, असा निष्कर्ष निघतो. के.ने त्याच सुमारास तिला किमती दागिन्यांची पेटी भेट दिली होती, ही वस्तुस्थिती वृत्तान्तात आहे, पण तिचा उपयोगही त्याच निष्कर्षाला बळकटी आणण्यासाठी होतो. एका मुलीने किल्ली शोधली. विश्लेषकाने किल्लीचाही प्रतीकार्थ काढला.

यावर नेहमीचे उत्तर असे की, दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असू शकतात. स्वप्न बहुअर्थी असते. असेलही. पण दोन अर्थांचे परिणाम सारखे नसतात. पहिल्या अर्थात एक पुरुष, एक बंद न होणारे दार आणि एक बाप आहे. हा बाप के.च्या पत्नीशी असलेल्या आपल्या संबंधांपायी मुलीच्या तक्रारीकडे पाठ फिरवतो. दुसऱ्या अर्थात फक्त मुलगी उरते. के.ने सगळे नाकारले, तिने कामशास्त्रविषयक पुस्तके वाचून कल्पना रचली असे सुचवले, आणि वडिलांनी ते मानले. फ्रॉइडने तसे मानले नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. घटना घडली यावर त्याचा विश्वास होता. तथापि त्या विश्वासाचा तिला काय उपयोग झाला? जे बाहेर घडले होते ते तिच्या आत लोटले गेले. 'स्वप्न स्वतःबद्दल काय उघड करते' हा प्रश्न निरागस नाही, तो इथे दिसतो : 'स्वतः' हा शब्द उच्चारताच इतर सगळे निर्दोष सुटतात.

स्टीव्हन मार्कसने 1974 साली हा वृत्तान्त कादंबरीसारखा वाचला आणि एलेन सिक्सूने 1976 साली त्यावर नाटक लिहिले, तेव्हापासून 'डोरा' ही साहित्यसमीक्षेची संहिता झाली आहे. पण त्यांच्याही आधी या अर्थनिर्णयाचा पहिला प्रतिवाद फ्रॉइडनेच वृत्तान्ताच्या उत्तरलेखात केला आहे, आणि आपल्याकडे नेमका तोच वाचला जात नाही. उपचार चालू असताना तेच स्वप्न पुन्हा पडले. के.चे घर सोडले तसे हे उपचारही सोडावेत, ही सूचना त्यात होती आणि ती आपण ऐकायला हवी होती, असे फ्रॉइड तिथे कबूल करतो. 31 डिसेंबर 1900 रोजी डोरा निघून गेली. म्हणजे प्रतीकांचा उलगडा चालू असताना स्वप्न आपले काम करीत होते. ते आरसा दाखवत नव्हते, तगादा लावत होते. पुढे 1920 साली, युद्धात हादरलेल्या सैनिकांना तोच आघात रोज रात्री दाखवणारी स्वप्ने इच्छापूर्तीच्या सूत्रात बसत नाहीत, हे त्याने उघडपणे मान्य केले. प्रबंधांतला फ्रॉइड मात्र 1900 च्या पुढे सरकत नाही.

स्वप्नाकडे तगादा म्हणून पाहणे मराठीला तरी परके असायला नको. नामदेव पांडुरंगासह तुकोबांच्या स्वप्नात येतात ते त्यांना त्यांचे स्वत्व समजावून द्यायला नव्हे. अभंगांची संख्या अपुरी राहिली आहे, ती पुरी कर, असे काम सांगायला येतात. बहिणाबाईच्या आत्मनिवेदनपर अभंगांत तुकोबा तिला स्वप्नात उपदेश करतात. त्याआधी तिने नवऱ्याचा मार खाल्लेला असतो, जिवाभावाचे वासरू गेलेले असते. ब्राह्मण स्त्रीने शूद्र गुरू करणे त्या घराला, त्या गावाला सोसण्यासारखे नव्हते. या स्वप्नदर्शनात पितृप्रतिमेचा शोध किंवा दडपलेल्या वासनेचे उन्नयन पाहणाऱ्याला मार देणारा नवरा दिसत नाही, वर्णव्यवस्था दिसत नाही, आणि मुख्य म्हणजे देहूची वाट दिसत नाही. त्या स्वप्नाचा अर्थ लागतो तो देहूला पोचल्यावर. संतांच्या काळी स्वप्नाला ईश्वरी आज्ञा मानत, आज ती श्रद्धा उरली नाही, हा आक्षेप इथे गैरलागू आहे. आज्ञा कोणाची, हा प्रश्न वेगळा. संहितेत स्वप्नाला आज्ञेचे स्थान आहे की लक्षणाचे, हे वाचूनच ठरवावे लागते. लक्षण म्हटले की बोलणारी स्त्री रुग्ण होते आणि समीक्षक डॉक्टर. या बढतीचा मोह पुष्कळांना आवरत नाही.

डोराच्या वृत्तान्ताच्या शेवटाशी एक हकीकत अगदी थोडक्यात उरकलेली आहे. 1901 च्या मे महिन्यात के. दांपत्याचे एक मूल दगावले. त्या निमित्ताने ती त्यांच्या घरी गेली. वडिलांशी असलेले संबंध आपल्याला ठाऊक आहेत, असे तिने पत्नीला तोंडावर सांगितले. पत्नीने ते नाकारले नाही. तलावाकाठी जे घडले ते तिने नवऱ्याकडून कबूल करून घेतले आणि ती कबुली वडिलांपुढे ठेवली. एप्रिल 1902 मध्ये तिने हे फ्रॉइडला येऊन सांगितले. तिला पुन्हा उपचार हवे होते. त्या मागणीमागे तिचा गंभीर हेतू नाही, असे त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहताच ठरवले.