पेडण्याचे कागद कोण जपणार?

प्रशांत महासागरातील तुवालू हा सुमारे अकरा हजार वस्तीचा देश आपले राष्ट्रीय ग्रंथालय व दफ्तरखाना राखून आहे. कारण त्याचे कागद दुसरे कोणी जपणार नाही. पेडण्याचीही स्थिती तीच. पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पासूनची. पेडणे तर १७८८ मध्येच पोर्तुगीज अमलाखाली गेले होते. तरीही येथील दशावतारी आख्यानांच्या वह्या, देवस्थानांच्या स्मरणिका, नाट्यमंडळांची हस्तपत्रके यांचा खरा ठाव घरोघरच्या पेट्यांतच आहे, आणि वाळवी व पावसाळी ओल कोणासाठी थांबत नाहीत. ग्रंथालयाने आपली माणसे गावोगाव धाडून त्यांच्या नकला घ्याव्यात, सरकारने खर्च सोसावा आणि पेडणेकरांनी पेट्या उघडाव्यात, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. नवी इमारत केव्हाही उभारता येते. कुजलेली वही पुन्हा लिहिता येत नाही.