पाडव्याच्या आदली रात्र

गुढीपाडव्याच्या पूजेत संवत्सर, अयन, ऋतू, मास, तिथी आणि नक्षत्र यांचा उच्चार करून आपण संकल्प सोडतो. ते नक्षत्र आकाशात नेमके कोठे आहे, असे नातवाने विचारले तर किती आजोबा गच्चीवर जाऊन बोट दाखवू शकतील? प्रश्न बोचरा आहे, पण तो दुसऱ्या कोणाला नव्हे, आपल्यालाच आहे.

याच पाडव्याच्या आगेमागे, फाल्गुन अमावास्येच्या सुमारास, हौशी आकाशनिरीक्षक गावाबाहेरच्या माळावर दुर्बिणी घेऊन जमतात. शार्ल मेसिए या फ्रेंच ज्योतिर्विदाने अठराव्या शतकात केलेल्या यादीतील तारकागुच्छ, तेजोमेघ व दीर्घिका, सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत एका रात्रीत पाहण्याचा हा उपक्रम. आजच्या यादीत त्यांची संख्या ११० आहे. विजेरीला लाल कागद लावलेला असतो, कारण अंधाराला डोळे सरावण्यास अर्धा तास लागतो आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने तो वाया जातो. अंधूक दीर्घिकेकडे थेट नव्हे, किंचित बाजूला पाहायचे. मग तो धूसर पुंजका उमटतो. देवयानी दीर्घिकेतून निघालेला प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरेपर्यंत पंचवीस लाख वर्षे लोटलेली असतात. मृगातील तेजोमेघापाशी नवखा माणूस हमखास रेंगाळतो, आणि मागची रांग कुरकुरते.

मेसिएने पॅरिसहून पाहिले. त्यामुळे नरतुरंगातील ओमेगा हा भव्य तारकागुच्छ त्याच्या यादीत नाही. तो त्याच्या क्षितिजावर कधी आलाच नाही. महाराष्ट्रातून तो दिसतो. ‘सारे आमच्या ग्रंथांत होतेच’ असे म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी तो पाहिला आहे? लोकमान्यांनी पंचांगशुद्धीचा आग्रह धरला, तो पंचांगातील गणित आकाशाशी जुळावे म्हणून. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला, तोही याच मंथनाच्या काळात. ती परंपरा नजरेची होती. आज गणित जुळते, आकाशच दिसेनासे झाले आहे.

मुंबईचे निरीक्षक वर्षानुवर्षे कर्जतच्या वाटेवरील वांगणीला जात आले. आता तेथेही शहरांचा उजेड क्षितिजावर चढला आहे. उपाय अवघड नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील गावांत रस्त्यांवरचे दिवे जमिनीकडे वळवण्यात आले आणि जानेवारी २०२४ मध्ये तो भारतातील पहिला ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. विकासाला अंधाराचे वावडे असते, हा समज तेथे खोटा ठरला.

मग आपल्या मंदिरांच्या शिखरांवर रात्रभर आकाशाकडे रोखलेले प्रखर दिवे कशासाठी? हे लिहिणे काहींना रुचणार नाही. पण देवस्थानांच्या विश्वस्तांत आणि उत्सव मंडळांत आपलीच माणसे आहेत. सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. शेजारतीनंतर शिखरावरचे दिवे मालवावेत, उरलेल्यांची तोंडे खाली करावीत. येत्या फाल्गुन अमावास्येला एखाद्या गावाने एवढे केले, तर दुर्बिणी घेऊन येणारी मंडळी शोधावी लागणार नाहीत. ती अंधाराच्याच शोधात असतात.