मनोऱ्याचे सोंग
मोबाइल मनोऱ्याला झाडाचे सोंग अमेरिकेतील डेन्व्हरमध्ये १९९२ साली चढले. तो पाइन वृक्ष होता. धातू लहरी अडवतो, म्हणून अँटेनाभोवतीची पाने, आवरणे प्लास्टिकची किंवा फायबरग्लासची करतात. नांदेड-लातूरच्या वसाहतींत पाइन हास्यास्पदच दिसेल, आणि माळावरचा एकटा ताडही लपणार नाही. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात गच्चीवरच्या टाकीकडे मात्र कोणी वळून पाहत नाही. फायबरग्लासची रिकामी टाकी हाच तिथला चपखल वेष. विमानतळालगतच्या उंच मनोऱ्यांना ही मुभा नाही; वैमानिकाला दिसावेत म्हणून त्यांना ठळक पट्टे आणि दिवे लागतात. वेषांतराने लहरींची तीव्रता घटत नाही; तिची मर्यादा भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या एकदशांशावर आणली.